दुसऱ्याच्या खिडकींतून

(सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या पालक-शिक्षक मेळाव्यांत दिलेलें व्याख्यान)



महोत्सव समितीनें 'मुलें आणि वाचन' या विषयावर चार शब्द बोलण्याची मला आज्ञा केली, तेव्हां प्रथम नकार द्यावा असें माझ्या मनांत आलें. या विषयावर उपदेश पुष्कळ झाला आहे. मुलें वाचीत नाहींत अशी तक्रार करणारीं आपण वडील माणसें स्वतः किती वाचतों, हें मात्र कोणी विचारीत नाहीं. म्हणून उपदेश न करतां, गेलीं तीन वर्षें दर शनिवारीं याच सभागृहाच्या मागील खोलींत जें लहानसें वाचनमंडळ चालतें त्याची हकीकत, आणि त्यांत माझ्या हातून घडलेली एक चूक, आपल्यापुढें ठेवावी असें मीं ठरविलें. उपदेशापेक्षां चुकीची हकीकत अधिक उपयोगी पडते, असा माझा अनुभव आहे.

आमच्या मंडळांत इयत्ता सहावी ते आठवी या वर्गांतील मुलगे व मुली असतात. एका वेळीं सहा किंवा सात, त्याहून अधिक नाहींत. सर्वांनीं एकच कादंबरी घरीं थोडी थोडी वाचून यावें आणि शनिवारीं तासभर तिजविषयीं आपसांत बोलावें, एवढाच नियम. परीक्षा नाहीं आणि गुणही नाहींत. ही पद्धति माझ्या डोक्यांतून निघालेली नव्हे. अमेरिकेंतील शाळांतून ती बरींच वर्षें रूढ आहे. शिकागोकडील शिक्षणतज्ज्ञ हार्वी डॅनियल्स यांनीं १९९४ सालीं तिजवर एक ग्रंथ लिहिला, त्यानंतर तिचा विशेष प्रसार झाला. त्यांच्या योजनेंत प्रत्येक मुलास एकेक काम वांटून दिलेलें असे: एकानें प्रश्न काढावे, दुसऱ्यानें कथेचा आपल्या जीवनाशीं संबंध दाखवावा, तिसऱ्यानें प्रसंगाचें चित्र काढावें. पुढें २००२ सालच्या आवृत्तींत त्यांनींच शिक्षकांस सावध केलें कीं, वांटून दिलेल्या कामाचे कागद भरण्याच्या नादांत मुलांचें खरें बोलणें मरूं नये.

आतां असा प्रश्न येईल कीं, एवढा खटाटोप कशासाठीं? माझा हेतु एकच होता. कथेंतील माणूस जेथें उभा आहे तेथून त्यास जग कसें दिसतें, हें मुलांस पाहतां यावें. ही गोष्ट सोपी वाटते, परंतु ती सोपी नाहीं. झां पियाजे व त्यांच्या सहकारी बार्बेल इन्हेल्डर या स्वित्झर्लंडमधील मानसशास्त्रज्ञांचा एक ग्रंथ १९४८ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत एक प्रसिद्ध प्रयोग आहे. मेजावर तीन डोंगरांचा देखावा मांडून मुलास एका बाजूस बसवीत, आणि समोरच्या बाजूस एक बाहुली ठेवून विचारीत, "बाहुलीला काय दिसत असेल?" लहान मुलें पुष्कळदां स्वतःस जें दिसे त्याचेंच चित्र उचलून दाखवीत.

यावरून असें अनुमान निघालें कीं, लहानग्यांस दुसऱ्याची दृष्टि कळतच नाहीं. परंतु कथा येथें संपली नाहीं. मार्गारेट डोनल्डसन या विदुषीनें १९७८ सालच्या आपल्या पुस्तकांत मार्टिन ह्यूझ यांचा निराळा प्रयोग सांगितला आहे. तेथें डोंगरांऐवजीं एकमेकींस छेदणाऱ्या दोन भिंती होत्या, पोलिसाची बाहुली होती आणि त्याच्यापासून लपूं पाहणारा एक मुलगा होता. "पोलिसाला दिसणार नाहीं अशा जागीं याला लपव" असें सांगतांच साडेतीन-चार वर्षांच्या मुलांनींही बहुतेक वेळां अचूक जागा दाखविली. डोंगरांत मुलांस कांहीं गोडी नव्हती. लपण्याला मात्र अर्थ होता. कोण कोणापासून लपत आहे आणि कां, हें समजलें कीं दुसऱ्याच्या डोळ्यांनीं पाहणें लहान मुलासही जमूं लागतें. याचें नांव गोष्ट. शिक्षकाच्या हातीं कादंबरी कां असावी याचें याहून चांगलें उत्तर मला ठाऊक नाहीं.

गेल्या वर्षीं आम्हीं पॉल फ्लाइशमन या अमेरिकन लेखकाची 'सीडफोक्स' ही १९९७ सालीं प्रसिद्ध झालेली लहानशी कादंबरी घेतली. ती शंभर पानांच्या आंतली असून इंग्रजी सोपें आहे. वाचन इंग्रजींत आणि बोलणें मराठींत, असा आमचा क्रम होता. ओहायो प्रांतांतील क्लीव्हलंड शहरांत गरीब वस्तीमध्यें एक ओसाड, केरकचऱ्यानें भरलेली जागा असते. तेथें हळूहळू एक बाग उभी राहते, एवढेंच कथानक. तथापि ती कथा एकजण सांगत नाहीं. १३ माणसें, प्रत्येकजण एका प्रकरणांत, आपापल्या तोंडानें ती सांगतात. एकाला जें दिसतें तें दुसऱ्याला दिसत नाहीं, आणि वाचकास तेवढें सगळें दिसत जातें.

पहिलें प्रकरण किम नांवाच्या नऊ वर्षांच्या व्हिएतनामी मुलीचें आहे. तिच्या जन्माच्या आठ महिने आधींच तिचे वडील वारलेले. घरीं त्यांच्या स्मृतिदिनीं आई व बहिणी रडतात. किमलाही रडूं येतें, परंतु निराळ्या कारणासाठीं: तिजपाशीं त्यांची एकही आठवण नाहीं. त्यांच्या आत्म्याला आपली ओळख तरी पटेल काय, अशी शंका तिला येते. वडील पूर्वी शेतकरी होते. म्हणून ती त्या ओसाड जागेंत चमच्यानें माती उकरून घेवड्याच्या जातीचे दाणे लावते, आणि आपण त्यांचीच मुलगी आहों हें त्यांस दाखवूं पाहते.

हें प्रकरण झाल्यावर मीं, तीस वर्षांहून अधिक काळ शिकविण्यांत घालविलेल्या शिक्षकानें, मोठ्या उत्साहानें प्रश्न टाकला: "समजा, तुमचे वडील नाहींत. तुम्हांला काय वाटेल? एकेकानें सांगा." मुलें उत्तरें देऊं लागलीं. वाईट वाटेल, एकटें वाटेल, रडूं येईल. पांचवी पाळी एका मुलीची होती. ती त्याच महिन्यांत आमच्याकडे येऊं लागली होती. ती उठली, "सर, पाणी पिऊन येतें" म्हणाली, आणि परत आली नाहीं. तिची वही बाकावर तशीच राहिली.

सायंकाळीं वही द्यावयास मी तिच्या घरीं गेलों. ओटीवर भिंतीशीं एक तसबीर होती, तिला हार घातलेला होता. तिच्या आईनें मला बसावयास सांगितलें, आणि मीं कांहीं विचारण्यापूर्वींच म्हणाली, "सर, दोन वर्षं होतील आता. ती घरांत त्यांचा विषय काढूं देत नाहीं."

बंधुभगिनींनो, पुस्तकांतील किमचे वडील तिच्या जन्माच्या किती महिने आधीं वारले, हें मला तोंडपाठ होतें. माझ्यासमोर बसलेल्या मुलीविषयीं मात्र मला कांहींच ठाऊक नव्हतें. दुसऱ्याच्या दृष्टीनें कसें पहावें हें शिकविण्यास मी बसलों होतों, आणि त्या मुलीच्या बाजूनें माझा प्रश्न कसा ऐकूं येईल, याचा विचार मला शिवलाही नव्हता.

त्या रात्रीं मी पुष्कळ वेळ जागा होतों. 'तूं त्याच्या जागीं असतास तर?' हा प्रश्न आपण सर्व शिक्षक व पालक मोठ्या सहजतेनें विचारतों. परंतु त्यांत दोन दोष आहेत. एक, जें मूल खरोखरच त्या जागीं आहे, त्याच्या जखमेवर आपण सर्वांदेखत बोट ठेवतों. दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. या प्रश्नानें मूल पात्राकडे जात नाहीं. तें पात्रास उठवून त्याच्या जागीं स्वतः बसतें. वडिलांची एकही आठवण आपल्यापाशीं नाहीं, हेंच किमचें दुःख आहे. पण माझीं मुलें म्हणालीं, "रडूं येईल." म्हणजे त्यांनीं किमला पाहिलेंच नव्हतें, त्यांनीं किमच्या कपड्यांत स्वतःला पाहिलें होतें. दोष त्यांचा नव्हता, प्रश्नाचा होता.

पुढच्या शनिवारीं मीं प्रश्न बदलले. फळ्यावर तीनच वाक्यें लिहिलीं: हा माणूस कोठें उभा आहे व तेथून त्याला काय दिसतें? आपणांस ठाऊक असलेली कोणती गोष्ट त्याला ठाऊक नाहीं? त्याला कशाची आस किंवा कशाचें भय आहे, आणि तें कोणत्या पानावरून कळतें? यांत कोणालाही स्वतःचें मन उघडें करावें लागत नाहीं. ज्याला उघडावें वाटेल त्याला मात्र कोणी अडवीत नाहीं.

ती मुलगी त्या दिवशीं आली. मीं तिची क्षमा मागितली, ती एकटी असतांना, कारण अशी गोष्ट चारचौघांत करणें म्हणजे पुन्हां तीच चूक करणें होय. ती कांहीं बोलली नाहीं; जागेवर जाऊन बसली.

त्या दिवशींचें प्रकरण आनाचें होतें. ही वृद्ध बाई त्या जागेवरच्या इमारतींत, वरच्या मजल्यावर राहते आणि खिडकींतून रस्ता पाहणें हाच तिचा विरंगुळा असतो. एक लहान मुलगी चोरट्या नजरेनें इकडेतिकडे पाहत माती उकरीत आहे, असें तिला दिसतें. त्या वस्तींत तिनें आयुष्य काढलें आहे आणि पुष्कळ वाईट पाहिलें आहे. ही पोर मादक द्रव्य, पैसा किंवा हत्यार पुरीत असावी, अशी तिची खात्री होते. ती खालीं उतरून माती उकरते आणि तिच्या हातीं लागतात मोड फुटूं लागलेले दाणे. कोणाची खासगी रोजनिशी चोरून वाचावी तशी तिला लाज वाटते आणि ती दाणे पुन्हां मातींत ठेवते.

मुलांनीं वहींत तीन रकाने आंखले: 'दिसलें', 'समजलें', 'खरें होतें'. पहिल्या रकान्यांत आलें: मुलगी, माती, इकडेतिकडे पाहणें. दुसऱ्यांत आलें: अफू-गांजासारखें कांहीं, चोरीचा माल. तिसऱ्यांत: घेवडा. पहिला व तिसरा रकाना यांत विरोध कांहींच नव्हता. सारा घोटाळा मधल्या रकान्यांत होता. एक मुलगा म्हणाला, "आना दुष्ट आहे." दुसरी मुलगी म्हणाली, "दुष्ट असती तर तिला लाज वाटली नसती." तिसऱ्यानें पान काढून दाखविलें कीं तिनें त्या रस्त्यावर पूर्वी काय काय पाहिलें आहे. वाद चांगला रंगला. मी गप्प बसलों. शिक्षकानें गप्प बसणें हें या मंडळांतील सर्वांत अवघड काम होय.

तेव्हां ती मुलगी प्रथमच बोलली. "आनाला वरून किमचे हात दिसले, तोंड दिसलं नाहीं," ती म्हणाली. "आणि किमला वाटतं, कोणी बघत नाहीं. म्हणून ती तसं करते. कोणी बघतंय असं कळलं असतं तर तिनं दाणे लावलेच नसते. काहीं गोष्टी लपूनच कराव्या लागतात, सर, त्या वाईट नसल्या तरी."

कोणी कांहीं बोललें नाहीं. पुढें तिच्या आईनें मला सांगितलें, कीं ती तें पुस्तक उशाशीं घेऊन निजते. याहून अधिक मीं विचारलें नाहीं आणि आपणही विचारूं नये.

आपल्यापैकीं कित्येकांस विशेष वाटेल असें एक प्रकरण त्या पुस्तकांत आहे. अमीर हा हिंदुस्थानांतून तेथें गेलेला, कापडाचें दुकान चालविणारा गृहस्थ. तो बागेंत वांगीं लावतो, आणि त्यांच्या जांभळ्या रंगामुळें अनोळखी माणसें त्याच्याशीं बोलूं लागतात. त्यांत एक इटालियन बाई असते. एक वर्षापूर्वीं हीच बाई त्याच्या दुकानांत सुट्या पैशांवरून भांडली होती आणि परका, घाणेरडा असें म्हणाली होती. आतां ती त्याच्या वांग्यांची स्तुति करते. तो तिला जुन्या प्रसंगाची आठवण देतो. ती वारंवार क्षमा मागते, आणि तेव्हां तो माणूस आपणच होतां हें मला ठाऊक नव्हतें, अशा अर्थाचें कांहीं सांगते.

यावर मुलें हंसलीं. "दुकानांत तर तिनं त्यालाच पाहिलं होतं!" पण आठवींतला एक मुलगा हंसला नाहीं. तो म्हणाला, "आमच्या आळींत नवीन भाडेकरू आले आहेत. तीन वर्षं झालीं. आम्हीं अजून त्यांना 'ते भाडेकरू' म्हणतों. त्यांच्या मुलाचं नांव मला ठाऊक नाहीं." हें बोलणें मीं शिकविलेलें नव्हतें. पुस्तकानें त्याला क्लीव्हलंडला नेलें आणि परत येतांना त्याच्याच आळींत, शेजारच्या दारापाशीं आणून सोडलें.

हें शिकावयास इंग्रजी पुस्तकच हवें असें कोणी समजूं नये. हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षांत कोण घेतो' ही कादंबरी 'करमणूक' पत्रांतून १८९० पासून क्रमशः प्रसिद्ध झाली. ती यमू नांवाच्या स्त्रीच्या तोंडून सांगितलेली आहे. त्या काळीं एका पुरुषानें बाईच्या खिडकीशीं जाऊन बसावें आणि शेवटपर्यंत तेथून उठूं नये, ही लहान गोष्ट नव्हे. मोठीं मुलें ती अवश्य वाचूं शकतील. लहानांसाठीं साने गुरुजींची 'श्यामची आई' आहेच. नाशिकच्या तुरुंगांत १९३३ सालीं लिहिलेलें आणि १९३५ सालीं प्रसिद्ध झालेलें हें पुस्तक ४२ रात्रींचें आहे, आणि प्रत्येक रात्रीं बोलतो तो श्याम. आई आपणांस दिसते ती सर्वस्वीं मुलाच्या डोळ्यांतून. श्याम पोहावयास भितो व लपून बसतो, तेव्हां लोकांनीं आपल्या मुलास भित्रा म्हणूं नये म्हणून आई त्याला मारून विहिरीवर धाडते. तो प्रसंग आईच्या तोंडून लिहा, असें मीं मुलांस सांगितलें. सहावींतल्या एका मुलानें एवढेंच लिहून आणिलें: "मी हात उगारला तेव्हां तो थरथरत होता. पण श्याम पुढें पळत होता, म्हणून त्याला तें दिसलें नाहीं." मी तीस वर्षें तें प्रकरण शिकवीत आलों, तो हात मला दिसला नव्हता.

येथें एका पालकांनीं मागें मला घातलेली शंका सांगितली पाहिजे. ते म्हणाले, "सर, प्रत्येकाची बाजू समजून घ्यायला शिकवाल, तर मुलांना वाईट तें वाईट म्हणतां येईल का?" शंका रास्त आहे. परंतु समजून घेणें म्हणजे मान्य करणें नव्हे. आनानें माती उकरली ती चूकच, आणि त्या बाईनें दुकानांत काढलेले शब्द हा अन्यायच. फरक इतकाच कीं, ज्यानें दुसऱ्याच्या खिडकींतून एकदां पाहिलें आहे तो न्याय देतांना घाई करीत नाहीं, आणि मधल्या रकान्यांतील गोष्ट तिसऱ्या रकान्यांत लिहीत नाहीं. घरांत, शेजारांत आणि गांवांत मोडलेलीं कित्येक नातीं या एका सवयीनें वांचलीं असतीं, हें आपणही जाणतां.

दुसरी गोष्ट प्रामाणिकपणें सांगावयास हवी. नुसतें पुस्तक हातीं दिल्यानें मन मोठें होतें, असा दावा मी करीत नाहीं. साहित्यिक कथेचा लहानसा उतारा वाचल्यानेंही दुसऱ्याचें मन ओळखण्याची शक्ति वाढते, असा निष्कर्ष अमेरिकेंतील दोन संशोधकांनीं २०१३ सालीं प्रसिद्ध केला व त्याचा पुष्कळ गाजावाजा झाला. परंतु २०१६ सालीं इतर संशोधकांनीं मोठ्या संख्येनें वाचक घेऊन तेंच पडताळून पाहिलें, तेव्हां तसा परिणाम आढळला नाहीं. मला त्याचें नवल वाटत नाहीं. बीं आणून ठेवल्यानें बाग होत नाहीं. रोज पाणी घालावें लागतें, आणि वाचनाच्या बाबतींत तें पाणी म्हणजे चार मुलांचें एकत्र बसून बोलणें. एकट्या वाचकास एकच खिडकी असते. सहाजण बसले कीं सहा होतात.

म्हणून, सुवर्णमहोत्सवाच्या या वर्षीं माझी मागणी लहान आहे. प्रत्येक आळींत पांच-सहा मुलांचें एक मंडळ सुरू व्हावें. त्यासाठीं एका पुस्तकाच्या सहा-सात प्रती, एक खोली आणि गप्प बसूं शकणारें एक वडील माणूस पुरे आहे. पुस्तक मुलांनीं दोन-तीनांतून स्वतः निवडावें. गुण देऊं नयेत. तात्पर्य विचारूं नये; तात्पर्य विचारलें कीं मुलें आपणांस हवें तें उत्तर देतात आणि पुस्तक मिटतात. त्याऐवजीं घरीं रात्रीं जेवतांना एवढेंच विचारा: "ही गोष्ट कोण सांगतो? आणि त्याला काय ठाऊक नाहीं?" आणि विचारण्यापूर्वीं, समोर बसलेल्या मुलाविषयीं आपल्याला काय ठाऊक नाहीं, याचा क्षणभर विचार करा. मीं तो केला नव्हता.

ती मुलगी आतां नववींत गेली आहे. मंडळाचें वय संपलें, तरी ती शनिवारीं येते. सहावींत नव्यानें आलेल्या मुलांत ती बसते आणि कोणी गप्प राहिलें तर त्याची पाळी हलकेच पुढें सरकविते. हें तिला कोणीं सांगितलेलें नाहीं.